बाटलीवर जे लिहिले नव्हते

१९५४ च्या मार्चमध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी संसदेने औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा मंजूर केला. पहिल्या घटनेने या परिसराचा चेहरा बदलला. एमआयडीसी यायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता आणि चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने येतील असे कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. दुसरी घटना कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली. पण औषधाच्या बाटलीच्या बाजूने पाहिले तर दोन्ही घटना एकाच झगड्यातल्या आहेत. बाटलीत काय आहे हे सांगण्याची सक्ती बनवणाऱ्यावर असावी की नसावी, हा तो झगडा.

यंदाच्या अंकाचा विषय ‘काच’. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा शब्द उच्चारला की गाड्यांच्या काचा, हिंजवडीच्या काचेच्या इमारती असेच काही डोळ्यांपुढे येते. या लेखाचा विषय मात्र तळहातावर मावणारी काच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत जगभर विकल्या गेलेल्या, आणि आपल्याकडेही घरोघरी पोचलेल्या पेटंट औषधांच्या बाटल्या. त्यांपैकी पुष्कळशा निरुपद्रवी होत्या, काही प्राणघातक होत्या. कुठली कोणत्या प्रकारची, हे बाटलीकडे पाहून समजत नसे. माझे म्हणणे असे की, या औषधांचा खरा धोका त्यांतल्या अफूत किंवा क्लोरोफॉर्ममध्ये जेवढा होता, त्याहून अधिक तो लपवण्याच्या मुभेत होता. ती मुभा कायद्याने काढून घेतली, पण लपवण्याची जागा पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. ती बाटलीतून उठून दुसरीकडे गेली आहे, आणि ती दुसरी जागा या औद्योगिक पट्ट्याच्या चांगल्या ओळखीची आहे.

भंगारातून बाजारात

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पितळी कुलपे, बंद पडलेली घड्याळे, नळाच्या तोट्या आणि रेडिओचे सांगाडे यांच्या गर्दीत एखाद्या पथारीवर जुन्या बाटल्याही मांडलेल्या असतात. सोड्याच्या गोटीच्या बाटल्या, शाईच्या दौती, अत्तराच्या कुप्या आणि त्यांत औषधाच्या. विकणारा त्यांना ‘अँटिक पीस’ म्हणतो. भाव ठरतो तो रंगावर, आकारावर आणि काचेत उठवलेल्या अक्षरांवर. आत काय होते याला किंमत नसते, कारण ते कुणालाच सांगता येत नाही.

अशी बाटली इथवर येते ती भंगाराच्या वाटेने. फेरीवाला घरोघरचे भंगार गोळा करतो आणि ते गोदामात जाते. चिखली-कुदळवाडीचा भाग अनेक वर्षे अशा गोदामांसाठी ओळखला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथल्या अनधिकृत शेडवर मोठी कारवाई केली. काचेची निवड करण्याची रीत सगळीकडे साधारण सारखीच. आख्खी बाटली वेगळी, फुटकी काच वेगळी. आख्ख्यांत बिअरच्या किंवा सरबताच्या ठरावीक मापाच्या बाटल्यांना मागणी असते, कारण त्या धुऊन पुन्हा भरता येतात. फुटकी काच रंगाप्रमाणे निवडून भट्टीकडे जाते. ऐंशी-शंभर वर्षांपूर्वीची चपटी, वेड्यावाकड्या मापाची औषधाची बाटली यांपैकी कुठल्याच ढिगात बसत नाही. तिला पुन्हा भरणारा कुणी नसतो, म्हणून ती फुटक्या काचेत जाते. एखाद्या जाणत्या कामगाराच्या नजरेला ती पडली तरच वाचते. आणि वाचली की आधी पाण्याच्या टाकीत जाते. तिथे कागदाचे उरलेसुरले लेबल भिजून निघून जाते, बूच फेकले जाते, तळाशी वाळलेला तपकिरी थर घासून काढला जातो. बाटली चकचकीत होते आणि तिच्यात काय होते याचा शेवटचा पुरावा गटारात जातो.

अशी एक बाटली हातात घेऊन नीट पाहावी. काच फिकट हिरवट-निळसर असते, कारण वाळूतले लोह काढून टाकलेले नसते. आत बारीक बुडबुडे दिसतात. साच्याची शिवण दोन्ही बाजूंनी वर चढत जाते आणि मानेच्या खालीच थांबते. तोंड नंतर हाताने घडवले आहे याची ती खूण. अमेरिकेत ओवेन्सचे बाटल्या घडवणारे स्वयंचलित यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले, आणि त्यानंतरच्या बाटल्यांत ही शिवण थेट ओठापर्यंत जाते. चपट्या अंगावर ठळक अक्षरांत मालकाचे नाव असते, गावाचे नाव असते, कधी ‘बाम’, ‘सिरप’, ‘मिक्श्चर’ असा एखादा शब्द असतो. घटक मात्र एकाही बाजूला नसतात. नाव काचेत कोरायला साचा करावा लागे आणि साच्याला पैसे पडत. मालकाने ते खर्चले, कारण नाव हीच त्याची मालमत्ता होती. आतले द्रव्य काय आहे ते मात्र त्याने कागदावरही लिहिले नाही.

त्याच काळात दवाखान्यातली बाटली कशी होती हे शेजारी ठेवून पाहावे. रोगी घरून धुतलेली बाटली आणी. कंपाउंडर मिक्श्चर भरून तिच्या अंगावर कात्रीने दाते पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक दाता म्हणजे एक डोस. ही पट्टी अनेक घरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दिसत असे. औषध काय आहे हे रोग्याला तिथेही कळत नसे, पण डॉक्टरच्या वहीत ते लिहिलेले असे. घोटाळा झाला तर कुणाला विचारायचे ते ठरलेले होते. पेटंट औषधाच्या बाबतीत विचारायला कुणी नव्हते.

गुपित हीच मिळकत

ही औषधे ‘पेटंट’ म्हणवली जात, तरी बहुतेकांनी पेटंट घेतलेले नव्हते. त्याचे कारण सरळ आहे. पेटंट मिळवायचे तर कृती उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती सर्वांची होते. म्हणून मालकांनी नाव, लेबल आणि बाटलीचा आकार यांवर हक्क राखला आणि कृती झाकून ठेवली. धंद्याचे गुपित ही मालकाची मिळकत आहे, असा युक्तिवाद तेव्हाही होता आणि आजही होतो. पण पेटंटचा कायदा हा युक्तिवाद ऐकूनच केलेला आहे. कष्टाचे मोल हवे असेल तर घ्या, बदल्यात कृती सांगा, असा तो सौदा आहे. ज्यांनी सौदा नाकारून गुपित निवडले, त्यांच्या गुपितात काय होते ते पुढे रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढले.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक काढले. त्यात गाजलेल्या औषधांची पृथक्करणे होती आणि घटकांना पडणारी किंमतही होती. हिंदुस्थानातही भरपूर खपणाऱ्या बीचमच्या गोळ्यांत निघाले काय, तर काळा बोळ, सुंठ आणि साबण. एक शिलिंग दीड पेनीला विकल्या जाणाऱ्या डबीतल्या छप्पन गोळ्यांच्या घटकांची किंमत अर्धा फार्दिंग. बीचमच्या गोळ्यांनी लूट झाली ती खिशाची. क्लोरोडाइनची गोष्ट वेगळी होती, आणि ती आपल्याला जवळची आहे. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेचे डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन यांनी १८४८ च्या सुमारास कॉलऱ्यावर हे मिश्रण केले, आणि १८५६ पासून लंडनचे औषधविक्रेते डेव्हनपोर्ट ते विकू लागले. अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क हे त्याचे मुख्य घटक. त्याने पोटातली कळ थांबे, जुलाब थांबत आणि झोप लागे. छावण्यांतून, आगगाडीच्या प्रवासात, साहेबांच्या बंगल्यांत ते जवळ बाळगले जाई. कित्येकांना त्याचे व्यसन लागले आणि जास्त मात्रेने माणसे दगावली.

अफू विषारी आहे हे कायद्याला ठाऊक होते. इंग्लंडच्या १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूसारखी द्रव्ये विकताना ‘विष’ अशी चिठ्ठी लावण्याचे बंधन घातले. निळ्याशार किंवा हिरव्या, षट्कोनी, अंगावर उभ्या धारा असलेल्या विषाच्या बाटल्या याच काळातल्या. अंधारात हात लागला तरी बोटांना कळावे आणि अक्षरओळख नसलेल्यालाही समजावे, म्हणून त्यांना धारा ठेवत. आजच्या संग्राहकांना त्या फार प्रिय आहेत, आणि त्या तशा असाव्यातही, कारण आतल्या धोक्याची कल्पना बोटांना देणारी याहून प्रामाणिक वस्तू औषधविक्रीच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पण त्याच कायद्याने पेटंट औषधांना या बंधनातून वगळले होते. एकाच दुकानात, एकाच फळीवर, तीच अफू साधी विकली तर धारांच्या बाटलीत आणि नावाजलेल्या औषधातून विकली तर गुळगुळीत बाटलीत. क्लोरोडाइनला ‘विष’ म्हणून चिठ्ठी लावायला लागण्यासाठी १८९० च्या दशकात खटला व्हावा लागला.

त्या काळच्या लोकांना आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर तोलू नये, असा आक्षेप इथे येतो. शास्त्रच तेव्हा अपुरे होते, डॉक्टरही अफू देत, मग एकट्या औषधवाल्यांना दोष कशाला? डॉक्टर अफू देत हे खरे. वेदनेवर तेव्हा दुसरा प्रभावी इलाज फारसा नव्हता, आणि क्लोरोडाइनने अनेकांना खरोखर आराम पडला हेही मान्य करायला हवे. पण डॉक्टर जे देई ते अफू म्हणून देई, मापून देई आणि पुढच्या भेटीत विचारपूस करी. अमेरिकेत ‘मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप’ हे तान्ह्या बाळांचे औषध १८४९ पासून विकले जात होते. त्याच्या एका औंसात सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फीन असे. ज्या आईने ते दात येणाऱ्या बाळाला पाजले, तिला मॉर्फीन पाजते आहोत हे सांगितलेले नव्हते. अज्ञान होते ते विकत घेणाऱ्याच्या बाजूला. विकणाऱ्याला आपण काय मिसळतो ते पुरते ठाऊक होते. १९०६ साली अमेरिकेत कायदा झाला आणि अफू, मॉर्फीन, मद्य वगैरे द्रव्ये लेबलावर लिहावी लागली. कायद्याने औषध बंद केलेले नव्हते, नुसते नाव लिहायला लावले होते. तेवढ्यानेही पुष्कळ घरांतून या बाटल्या बाहेर गेल्या.

बाळगोळी

आपल्याकडच्या अफूची गोष्ट बाटलीत मावत नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स या बाईंचा अहवाल १९२२ च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला. कामगार स्त्रियांच्या शंभरातल्या ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी त्यात नोंदवले. हा आकडा वाचून त्या आयांना बोल लावणे सोपे आहे, आणि तो अन्याय ठरेल. खोलीत मुलाला सांभाळायला कुणी नाही, पाळणाघर नाही, पाळी चुकली तर मजुरी गेली. मूल दिवसभर झोपून राहिले तरच आईला गिरणीत जाता येई. गोळी विकणाऱ्याला या अडचणीची नेमकी जाण होती, आणि गोळीला ठेवलेल्या नावात बाळ होते, अफू नव्हती.

मग घरच्या बाळगुटीचे काय, असे कुणी विचारील. तीही कुठे तपासलेली असते? प्रश्न रास्त आहे. मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, बाळहिरडा, जायफळ, ज्येष्ठमध अशी मुळे-फळे सहाणेवर उगाळून बाळाला चाटवायची ही रीत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्यातले सगळेच निर्धोक आहे असे आज म्हणता येणार नाही. वेखंड आणि जायफळ यांची मात्रा चुकली तर बाळाला त्रास होतो, आणि तान्ह्याला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. पण गुटीत एक गोष्ट होती, जी बाळगोळीत नव्हती. प्रत्येक मूळ आईच्या डोळ्यांसमोर होते, त्याला नाव होते आणि मात्रा वेढ्यांत मोजली जाई. याचे दोन वेढे, त्याचा अर्धा. बाळाला काही झाले तर आजी विचारी, काल वेखंड जास्त पडले का? बाळगोळीच्या बाबतीत हा प्रश्न विचारताच येत नव्हता.

अक्षरओळख नसलेल्या आईला लेबलावर ‘अफू’ लिहून काय उपयोग, हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. पण लेबल एकट्या खरेदीदारासाठी नसते. ते बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरसाठी असते, नमुना उचलणाऱ्या निरीक्षकासाठी असते आणि शेवटी न्यायालयासाठी असते. लिहिलेले खोटे ठरले तर शिक्षा करता येते. काहीच लिहिले नाही तर खोटे काय धरणार?

जाहिरातीच्या पानावर

मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’ने १९०९ साली काढला, म्हणजे ‘सीक्रेट रेमेडीज’ निघाले त्याच वर्षी. वर्ष जुळले हा योगायोग आहे, पण नियतकालिके आणि पेटंट औषधे यांचे नाते योगायोगाचे नव्हते. डोंगऱ्यांचे बालामृत, बाटलीवालांचे हिवतापावरचे मिक्श्चर, लाहोरची अमृतधारा, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या ही नावे त्या पिढीला जाहिरातींतूनच पाठ झाली. यांपैकी कुठलेही औषध घातक होते असे सुचवण्याचा इथे हेतू नाही, आणि तसे म्हणायला आधारही नाही. मुद्दा एवढाच की चांगले, वाईट आणि निव्वळ निरुपयोगी अशी सारी औषधे एकाच पानावर, एकाच थाटात छापली जात, आणि वाचकाला त्यांत निवड करता येईल असे काहीही त्या पानावर नसे.

अमेरिकेत सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्स याने १९०५ साली ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात या धंद्यावर लेखमाला लिहिली, तेव्हा त्याने वर्तमानपत्रांशी होणारे करारही उघड केले. राज्यात पेटंट औषधांविरुद्ध कायदा झाला तर करार आपोआप रद्द होईल, असे कलम त्यांत घातलेले असे. म्हणजे कायद्याला विरोध करणे हे वर्तमानपत्राच्या गल्ल्याच्या हिताचे झाले. आपल्याकडे असे करार होते असे मी म्हणत नाही. पण जाहिरातीच्या उत्पन्नावर उभ्या असलेल्या प्रत्येक अंकाने, या अंकानेही, ही गोष्ट डोक्यात ठेवावी. १९५४ च्या कायद्याने ठरावीक रोगांवर ‘हमखास बरे करतो’ अशा जाहिरातींना बंदी घातली. १९५९ च्या अखेरीस हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द केला, तरी व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे पूर्ण संरक्षण नाही हे सांगून त्याचा गाभा राखला. तरीही मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर मूळव्याध, मधुमेह आणि ‘गुप्तरोगां’वरचे रामबाण आजही वाचायला मिळतात. खाली फक्त मोबाईल नंबर असतो.

तळेगावची काच, पिंपरीची बाटली

या पट्ट्याचा काचेशी संबंध मोटारींच्या कितीतरी आधीचा आहे. चाकणपासून जवळच, तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. वर्षाला एक पैसा द्या, त्यातून देशी उद्योग उभा करू, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना आणि तिला टिळकांचे पाठबळ. या कारखान्याने काच तर बनवलीच, पण त्याहून मोठे काम केले ते काच बनवणारी माणसे घडवण्याचे. इथे शिकलेले कारागीर देशभरच्या काच कारखान्यांत गेले. विलायती बाटलीतले विलायती औषध घेणाऱ्या देशात निदान बाटली तरी आपली असावी, इथपासून ही सुरुवात होती.

आतले द्रव्य आपले आणि तपासलेले असावे हा टप्पा यायला पुढची चाळीस-पन्नास वर्षे गेली. कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये देशभरच्या औषधांची पाहणी केली. बाजारात भेसळीची आणि कमी ताकदीची औषधे सर्रास विकली जातात, आणि त्यात हिवतापावरचे क्विनाइनही आहे, असे चित्र त्यातून समोर आले. १९४० चा औषध कायदा त्यातून आला. पेटंट औषधाच्या लेबलावर खरी कृती किंवा प्रभावी घटकांची यादी मात्रेसह छापलेली असलीच पाहिजे, ही आजच्या कायद्यातली तरतूद वाचताना तिच्यामागे बाळगोळ्या आणि क्लोरोडाइनचे शतक उभे आहे हे विसरू नये.

एच.ए.ची पेनिसिलिनची बाटली या संदर्भात पाहावी. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला सगळे ‘एच.ए.’च म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तांत्रिक मदतीने आणि युनिसेफने दिलेल्या यंत्रसामग्रीवर उभ्या राहिलेल्या या कारखान्यातून १९५५ पासून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. अंगठ्याएवढी बाटली, रबरी बूच, वर अ‍ॅल्युमिनियमचे टोपण, तळाशी पांढरी पूड. ही बाटली दिसायला अगदी सामान्य, संग्राहक तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण जुन्या बाटलीने जे सांगितले नव्हते ते सगळे हिच्या चिमुकल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. औषधाचे नाव, ताकद किती युनिट, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, परवान्याचा क्रमांक.

यांपैकी बॅच नंबरची किंमत मुंबईने फार आधी मोजली होती. १९०२ साली परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली प्लेगची लस पंजाबातल्या मुलकोवाल गावी टोचली गेली आणि १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस टोचली होती, ५३-एन या क्रमांकाची. दोष लसीत शिरला तो प्रयोगशाळेत की बाटली उघडताना, हा वाद चार-पाच वर्षे चालला आणि ही लस तयार करणाऱ्या हाफकिनना त्यात मोठा मानसिक छळ सोसावा लागला. शेवटी ते निर्दोष ठरले. वाद होऊ शकला आणि निर्दोषत्व सिद्ध होऊ शकले, ते बाटलीवर क्रमांक होता म्हणून. क्रमांक नसता तर लसीकरणच दोषी ठरले असते.

बाटलीतून पिंपात

लेबल आले, कायदा आला, आता जुन्या भुतांची भीती कशाला, असे म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला मुंबईच पुरेशी आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने १९८८ मध्ये समोर आलेल्या अहवालात खरेदी करणाऱ्यांपासून तपासणी करणाऱ्यांपर्यंत सगळ्या साखळीवर कठोर ताशेरे ओढले. बाटलीवर ग्लिसरॉल असेच लिहिलेले होते. म्हणजे न लिहिण्याची मुभा गेली, तरी लिहिलेले कुणी ताडून पाहिले नाही.

हे रसायन काही नवे नव्हते. १९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्सर सल्फानिलामाइड’ या औषधात ते द्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभरावर माणसे मेली, त्यांत पुष्कळ मुले होती. सरकारला ते औषध जप्त करता आले ते केवळ लेबलातल्या चुकीवर. ‘एलिक्सर’ म्हणवायचे तर त्यात मद्य हवे, आणि ते नव्हते. विष होते म्हणून जप्त करण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. आपल्याकडे १९७२ मध्ये चेन्नई, १९८६ मध्ये मुंबई, १९९८ मध्ये गुडगाव आणि २०२० मध्ये जम्मूतले उधमपूर, असे हेच विष परत परत आले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले गेली. त्यांतली कित्येक उपचारासाठी नागपुरात आणलेली होती. तमिळनाडूतल्या कारखान्यात बनलेल्या त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का आहे.

हे विष औषधात शिरते कसे, हे समजायला आपला औद्योगिक पट्टा सोयीचा आहे. ग्लायकॉल कुळातली द्रव्ये इथल्या वाहन उद्योगात रोजच्या वापरातली. इंजिनाच्या कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल, ब्रेक ऑइलच्या काही प्रकारांत डायएथिलीन ग्लायकॉल आणि त्याची भावंडे. खोकल्याच्या औषधात द्रावक म्हणून लागते ते प्रॉपिलीन ग्लायकॉल, तेही औषधी दर्जाचे. सगळी रंगहीन, दाटसर, गोडसर. सगळी निळ्या पिंपांतून येतात. डोळ्यांना, जिभेला, हाताला फरक कळत नाही. फरक असतो तो पिंपावरच्या चिठ्ठीत, सोबतच्या तपासणी दाखल्यात आणि किमतीत. औद्योगिक दर्जाचा माल स्वस्त असतो. पिंप मूळ कारखान्यातून निघून व्यापाऱ्याकडे, तिथून उपव्यापाऱ्याकडे जाते, मधे माल दुसऱ्या पिंपात ओतला जातो, चिठ्ठी बदलते. शेवटी औषध बनवणाऱ्याच्या दारात ते येते तेव्हा ते उघडून, प्रत्येक पिंपातला नमुना काढून तपासायचा असतो. कायदा तसे सांगतो. जिथे ते झाले नाही तिथे मुले मेली. शंभर वर्षांपूर्वीचा मालक आपण काय भरतो हे जाणून लपवीत असे. आजचा निष्काळजी उत्पादक आपण काय भरतो हेच बघत नाही. बाळाच्या मूत्रपिंडाला दोन्ही सारखेच.

मग लेबलाची सक्ती निरुपयोगी ठरली का? मला तसे वाटत नाही. छिंदवाड्यात औषधाचे नाव, कारखाना आणि बॅच बाटलीवर छापलेली होती. म्हणून कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यापर्यंत काही दिवसांत पोचता आले, बाकीच्या बाटल्या बाजारातून काढता आल्या आणि परवाना रद्द झाला. आधीची अर्धी लढाई जिंकलेली असल्यामुळेच उरलेली अर्धी कुठे लढायची ते दिसते. औषधी द्रावकाच्या प्रत्येक पिंपाचा प्रवास कारखान्यापासून कारखान्यापर्यंत नोंदला गेला पाहिजे, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे ते तपासायला पुरेसे निरीक्षक आणि पुरेशा प्रयोगशाळा असल्या पाहिजेत. २०२३ च्या ऑगस्टपासून ३०० नावाजलेल्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तशीच सक्ती आधी पिंपावर हवी होती.

जुनी बाटली सापडली तर

जुन्या बाटल्यांचा संग्रह करणारे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांचा छंद मोलाचा आहे. त्यांना एक विनंती करावीशी वाटते. ज्या बाटलीवर कागदाचे लेबल शिल्लक आहे ती धुऊ नये. उठावाची अक्षरे शंभर बाटल्यांवर सारखी सापडतील, पण मात्रा, सूचना आणि दावे छापलेला कागद फार थोड्यांवर टिकला आहे, आणि या इतिहासाचा तोच खरा दस्तऐवज आहे. तळाशी वाळलेला थर असेल किंवा आत द्रव असेल तर बूच काढू नये, हुंगू नये, मुलांच्या हाती देऊ नये. अमेरिकेत १९२० च्या दशकात ‘रेडिथॉर’ नावाचे रेडियम मिसळलेले पाणी बाटल्यांतून शक्तिवर्धक म्हणून विकले गेले. ते सतत पिणारा एबेन बायर्स हा उद्योगपती १९३२ मध्ये मरण पावला. त्या रिकाम्या बाटल्यांतून आजही किरणोत्सर्ग होतो. पारा आणि सोमल यांची द्रव्येही काळाने विरत नाहीत. घरातल्या जुन्या कपाटात निघालेली, ठेवायची नसलेली औषधे सुक्या कचऱ्यात किंवा भंगारात देऊ नयेत. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कालबाह्य औषधे घरगुती घातक कचऱ्यात घातली, आणि ती वेगळी काढून महापालिकेकडे द्यायची असतात.

पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे आणि एच.ए.च्या व्यवस्थापनाकडेही एक मागणी आहे. कंपनीच्या आवारात दोन खोल्या अशा बाटल्यांसाठी द्याव्यात. एका खोलीत लेबलांसह जुन्या पेटंट औषधांच्या बाटल्या, धारांच्या विषाच्या बाटल्या, दातेरी पट्टीची मिक्श्चरची बाटली आणि तळेगावच्या कारखान्याची काच ठेवावी. दुसऱ्या खोलीत पेनिसिलिनची पहिली बाटली, लेंटिन अहवालाची प्रत आणि एक रिकामे निळे पिंप, त्यावरच्या चिठ्ठीसह. या शहरातल्या शाळांच्या सहली कारखाने पाहायला जातात, तशा त्या इथेही आणाव्यात.